हायस्कूलला २.४ जीपीए. कम्युनिटी कॉलेजमार्गे चांगल्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होता येतं का?

सांजवात | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विभाग चुकला असेल तर हलवावा.

आम्ही कॅलिफोर्नियात. धाकटा सीनियर इयरला, म्हणजे बारावीला आहे, जीपीए (ग्रेडची सरासरी, चारपैकी) २.४. नववीत अल्जेब्राला डी, दहावीत केमिस्ट्री अर्ध्यात सोडली, अकरावीत जरा सावरला पण तोवर गाडी गेली होती. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) फ्रेशमन म्हणून, म्हणजे पहिल्या वर्षाला, अर्ज करायचा तर इथल्या रहिवाशांना किमान ३.० लागतो, त्यामुळे तो विषय दारातच संपला. आता दोन पर्याय आहेत. एक, परराज्यातलं एक खाजगी कॉलेज. फी वाचून डोळे पांढरे होतील अशी, पण त्याला घ्यायला ते तयार आहेत. दोन, घराजवळचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज.

नवऱ्याचं म्हणणं, "चार वर्षांच्या कॉलेजात घाल, तिथून ट्रान्सफर करू." माझं मन दुसरीकडे झुकतंय, पण खरं सांगते, लाजही वाटते. मोठी सरळ ए वाली होती. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं "धाकट्याचं काय ठरलं?" की मी पाणी आणायला उठते.

प्रश्न दोनच. हायस्कूलचं हे प्रगतिपुस्तक किती वर्षं मागे लागणार? आणि कुठल्या रस्त्याने गेलं तर यूसीत (त्याच्या मनात कॉम्प्युटर सायन्स आहे, बदलूही शकतं) खरंच शिरता येतं?

टेकडीवरचा | १२ एप्रिल

सांजवात, आमच्याकडे हे होऊन गेलंय म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरं वाटेल. कॉलेजचा जीपीए शून्यापासून सुरू होतो, त्यात हायस्कूलचा २.४ मिसळत नाही. कम्युनिटी कॉलेजात ६० सेमिस्टर युनिट्स (साधारण दोन वर्षांचे कोर्स) करून यूसीत ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, अर्ज केला तर ते कॉलेजचे ग्रेड आणि मेजरच्या (मुख्य विषयाच्या) तयारीचे कोर्स बघतात. हायस्कूलचे ग्रेड मोजत नाहीत, एसएटी तर अजिबातच नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र तुमच्या मिस्टरांचं गणित चुकतंय. यूसीत ट्रान्सफरचं प्राधान्य कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना आहे. ती मेहरबानी नव्हे, राज्याच्या उच्चशिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून ही व्यवस्था तशीच बांधलेली आहे. यूसीत येणाऱ्या ट्रान्सफर मुलांपैकी शंभरात नव्वदहून जास्त याच कॉलेजांतून येतात. परराज्यातल्या खाजगी कॉलेजातून आलेला मुलगा त्या रांगेत मागे उभा राहतो, वर त्याचे किती कोर्स धरतील तेही आधी कळत नाही.

पैशाचं म्हणाल तर रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर. ६० युनिट्सचे २,७६० डॉलर. दोन वर्षांचे, सेमिस्टरचे नव्हे! त्यातही बऱ्याच कॉलेजांत पहिल्यांदाच पूर्णवेळ येणाऱ्यांना प्रॉमिस योजनेत ती फीसुद्धा माफ होते. पुस्तकं आणि पार्किंग तेवढं वेगळं.

टॅग नावाची सोय आहे, ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पसला लावता येते. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए असेल तर जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. आणि सीएसबद्दल (कॉम्प्युटर सायन्स) नीट बघा, टॅगमधून वगळलेल्या मेजरमध्ये बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच मंडळी असतात.

भोचकभवानी | १२ एप्रिल

मी जरा उलटं बोलते, राग मानू नका. मुलाला स्वतःला ट्रान्सफर व्हायचंय की आईबाबांना मंडळात सांगायला नाव हवंय? सीएसयूवालेसुद्धा (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) उत्तम शिकवतात. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) केली की सीएसयूच्या कुठल्या तरी कॅम्पसला जागा नक्की, २०१० च्या कायद्यापासून आहे ते. माझा पुतण्या तसाच गेला, झोप शांत लागते त्याला.

"पाणी आणायला उठते" वर हसले मात्र. आपण सगळ्याच उठतो कधी ना कधी.

सांजवात | १३ एप्रिल

भोचकभवानी, राग कसला. काल त्यालाच विचारलं. म्हणाला, "मला अभ्यास जमतो की नाही हेच माहीत नाही अजून, तू युनिव्हर्सिटीचं काय विचारतेस." यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. सीएसयू यादीत लिहून ठेवलंय.

टेकडीवरचा, खूप आभार. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. २,७६० वर बोट ठेवून म्हणाले, "एक शून्य राहिलं असेल."

कच्चाखडा | १३ एप्रिल

सांजवात काकू, तुमच्या मुलाचं वाक्य मी सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला बोललोय, जवळजवळ शब्दशः. माझा हायस्कूलचा जीपीए २.१ होता. कम्युनिटी कॉलेजमधून सॅन डिएगोला गेलो. पण सरळ नाही गेलो, म्हणून लांब लिहितो.

सगळे म्हणतात "दोन वर्षं आहेत". नाहीत. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो आणि टॅग त्याआधी, सप्टेंबरच्या तीस दिवसांत. तेव्हा हातात काय असतं? पहिली फॉल, पहिली स्प्रिंग आणि झालीच तर समर. दुसऱ्या फॉलचे ग्रेड जानेवारीत भरायला मिळतात, पण टॅग तोवर होऊन गेलेला असतो. म्हणजे हायस्कूलची चार वर्षं पुसायला खरं एकच वर्ष मिळतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पहिल्याच फॉलला उत्साहात १५ युनिट्स घेतली. केमिस्ट्री ५, कॅल्क्युलस ४, इंग्लिश ३, इतिहास ३. केमिस्ट्रीत डी, कॅल्क्युलसमध्ये सी, बाकी दोन बी. बेरीज करा (युनिटमागे बीचे तीन गुण, सीचे दोन, डीचा एक), ३१ गुण भागिले १५. दोनाच्या जेमतेम वर. समजा पुढच्या १५ युनिट्सना ३.८ मिळवला तरी सप्टेंबरात सरासरी २.९. अर्व्हाइनच्या टॅगला ३.४ लागत होता. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत टॅग संपला, आणि मी त्या वेळी जेमतेम ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे ते शिकलो होतो.

आता गंमत ऐका. केमिस्ट्रीचा डी मला परत घेऊन पुसता आला. परत घेतलेल्या कोर्सचा नवा ग्रेड धरतात. कॅल्क्युलसचा सी मात्र जन्माचा चिकटला, कारण सी हा पास असतो आणि पास झालेला कोर्स ग्रेड वाढवायला परत घेता येत नाही. तेव्हा बुडतोय असं दिसलं तर मुदतीत डब्ल्यू (विथड्रॉवल, कोर्स सोडल्याची नोंद) घ्यावा, एखाद्या डब्ल्यूने कुणी मरत नाही. "कसाबसा सी काढतो" हा हट्ट सगळ्यात महाग पडतो.

केमिस्ट्री दुसऱ्यांदा घेतली तेव्हा ऑफिस अवर्सना (प्रोफेसर वर्गाबाहेर भेटतात ती वेळ) जायला लागलो. आधी कधीच गेलो नव्हतो, वाटायचं तिथे हुशार मुलं जातात. पहिल्या दिवशी प्रोफेसरने माझ्या वहीतल्या उत्तरावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "साधारण किती यायला हवं? दहा ग्रॅम की दहा किलो?" मला सांगता येईना. अंगठा काढला तर खाली मी ४,००० ग्रॅम लिहिलेलं. चमचाभर मिठाच्या प्रयोगात. ती खोली, तो अंगठा, तिथून माझं सुरू झालं असं मी धरतो. दुसऱ्यांदा ए आला.

मग मी तिसरं वर्ष घेतलं. सेमिस्टरला बारा-तेरा युनिट्स, त्यात अवघड दोनच. शेवटी ३.६ च्या आसपास. कम्युनिटी कॉलेजात तीन वर्षं राहिलो म्हणून अर्जात कुणी गुण कापत नाही. आईला मात्र ते तिसरं वर्ष फार जड गेलं.

टेकडीवरचा | १३ एप्रिल

कच्चाखडा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. डी पुसता येतो, सी नाही! आमच्या चिरंजीवांना हे दुसऱ्या वर्षी कळलं होतं, उशिरा.

मोजपट्टी | १४ एप्रिल

मी एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. कुठल्या ते विचारू नका. पालकांसाठी म्हणून थोडं लिहिते.

तुमच्या मुलाला अल्जेब्रात डी होता. पूर्वी असं मूल रेमेडियलच्या (शाळेचाच पाया पक्का करणाऱ्या) दोन-तीन वर्गांतून वर यायचं आणि बरीचशी मध्येच गळायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर ते वर्ग बहुतेक बंद झाले, मुलं सरळ ट्रान्सफर लेव्हलच्या (युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या) गणितात येतात. याने कितीतरी मुलांची वर्षं वाचली. पण ज्याचा अपूर्णांकांचा पाया कच्चा आहे त्याला पहिल्या तीन आठवड्यांत घाम फुटतो हेही खरं. मुख्य वर्गाला जोडून सपोर्ट क्लास मिळतो, तो कमीपणा न मानता घ्यायचा. सीएसचा विचार असेल तर पुढे कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा अशी रांग आहे, पाया कच्चा ठेवून ती चढत नाही. या उन्हाळ्यात घरी बसून बीजगणित घासून घेतलं तरी चालेल, त्याला ग्रेड नसतो हाच फायदा.

आता जे पालकांना आवडत नाही ते. कॉलेजात पॅरेंट पोर्टल नसतं. फर्पा या विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्याने मूल कॉलेजात आलं की रेकॉर्डवर हक्क त्याचा, वय सतरा असलं तरी. दर सेमिस्टरला मला एखाद्या आईची किंवा बाबांची मेल येते, "अमुकचा मिडटर्म कसा गेला?" बहुतेक आडनावं आपलीच. लेखी परवानगी नसेल तर मूल माझ्या वर्गात आहे की नाही तेही मी सांगत नाही. तेव्हा मुलाने आपणहून दाखवलं तरच दिसेल.

आणि तो दहावीत केमिस्ट्री का सोडून आला? रागावून नव्हे, खरंच विचारते. लक्ष लागत नाही असं काही असेल तर आत्ता तपासून घ्या. हायस्कूलचा ५०४ प्लॅन (अडचण असलेल्या मुलांना मिळणाऱ्या सवलती) असला तरी तो आपोआप कॉलेजात येत नाही, डीएसपीएसच्या (कॉलेजात अशा सवलती देणारा विभाग) ऑफिसात मुलाला स्वतः जाऊन नाव घालावं लागतं. परीक्षेला दीडपट वेळ मिळाल्यावर डी वरून बी वर गेलेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

धुंदुर्मास | १४ एप्रिल

जरा वेगळी शंका. आम्ही एच-१ (नोकरीच्या) व्हिसावर, मुलगी एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावर. तिला रहिवाशाची फी लागेल का? का परदेशी धरतील?

टेकडीवरचा | १४ एप्रिल

धुंदुर्मास, कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रहिवासी होता येतं, वर्षभराच्या वास्तव्याचे कागद दाखवून. कॉलेजच्या अॅडमिशन ऑफिसात आधीच विचारा. खरा घोर २१ व्या वर्षाचा. तेव्हा एच-४ संपतो आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. तिसरं वर्ष घ्यायचं म्हटलं तर ती तारीख कुठे पडते ते आधी बघून ठेवा आणि वकिलाशी बोला. यावर वेगळा धागा काढलात तर बरं, इथे अवांतर होईल.

पूर्वेचा वारा | १५ एप्रिल

सगळे कॅलिफोर्नियावालेच दिसतात, म्हणून आमच्या किनाऱ्याची बाजू. आम्ही व्हर्जिनियात. इथेही कम्युनिटी कॉलेज आणि सरकारी युनिव्हर्सिट्यांचे गॅरंटीड अॅडमिशनचे करार आहेत. यूव्हीएच्या (युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया) आर्ट्स अँड सायन्सेसला ३.४ लागतो. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं, आपल्या राज्याचा करार शोधायचा.

मोठ्या खाजगी नावांबद्दल मात्र भ्रमात राहू नका. कॉमन अॅपने (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) ट्रान्सफर अर्ज केला की बहुतेक ठिकाणी हायस्कूलचा ट्रान्स्क्रिप्टही (गुणपत्रक) मागतात. एकाच वर्षानंतर, सोफोमोर म्हणून, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, गेलात तर कॉलेजचं एकच सेमिस्टर त्यांच्यासमोर असतं, मग ते मागचंच बघणार. दोन वर्षांचं काम दाखवलं तर मागचं फिकं पडतं, पुसलं जात नाही. शिवाय प्रोफेसरांची शिफारसपत्रं लागतात (यूसीला नाही लागत). मागच्या बाकावर बसून ए काढणाऱ्याला ती कोण देणार?

हार्वर्ड-स्टॅनफर्डची ट्रान्सफरची दारं फ्रेशमनपेक्षाही अरुंद आहेत. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं. २०१८ ला परत सुरू केलं ते कम्युनिटी कॉलेज आणि लष्करातून आलेल्या मुलांवर भर ठेवून. कॉर्नेल त्यातल्या त्यात बरेच ट्रान्सफर घेतं. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी जॅक केंट कुक फाउंडेशनची मोठी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत. स्पर्धा जबर आहे, पण अर्ज करायला हरकत नाही.

भोचकभवानी | १५ एप्रिल

हे सगळं वाचून मला एकच वाटतं. आकडे सगळ्यांनी दिले, पण दोन वर्षं घरी राहणाऱ्या पोराचं काय? मित्र डॉर्ममधले फोटो टाकणार आणि हा वर्गातून घरी येऊन आईने हाक मारली की कचरा बाहेर ठेवणार. पुतण्याने पहिलं वर्ष त्यातच काढलं, कुणाशी बोलायचा नाही.

कच्चाखडा | १५ एप्रिल

भोचकभवानी, शंभर टक्के. पहिल्या फॉलमध्ये मी वर्ग संपला की पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवायचो. तीन महिने. फॉर्मात "एक्स्ट्रा करिक्युलर" रिकामं राहील या भीतीने ट्यूटरिंग सेंटरमध्ये नाव दिलं आणि तिथे माणसं भेटली. माझ्या टेबलावर एक नर्सिंगला चाललेली दोन मुलांची आई होती, एक सैन्यातून परतलेला. आपण मागे पडलोय ही टोचणी तिथे बोथट झाली, कारण तिथे पुढे कोण आणि मागे कोण हे सांगताच यायचं नाही.

आणि गेल्यावरचंही सांगतो, कारण कुणी सांगत नाही. सॅन डिएगोला पहिल्या क्वार्टरला आपटलो. सेमिस्टरची सवय, तिथे दहा आठवड्यांत खेळ खलास. मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. शिवाय ज्युनियर म्हणून गेलात की इंटर्नशिपवाले पहिल्याच फॉलमध्ये दारात. फ्रेशमनपासून आलेल्यांनी दोन वर्षं प्रोफेसर, क्लब, सिनियर असं सगळं जमवलेलं असतं, तुम्हाला मेसचा रस्ता माहीत नसतो. यूसीत बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर आहेत, बाकी क्वार्टरवर. निवडताना हे धरा.

सांजवात | १६ एप्रिल

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत. काल रात्री आम्ही तिघं लॅपटॉप घेऊन बसलो, असिस्टची वेबसाइट उघडली (कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसीत कशाच्या जागी धरतात ते तिथे दिसतं). डावीकडे यूसीचा कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. लेकाने दोन कॅम्पस लावून बघितले तर दोघांच्या याद्या वेगळ्या. एकाला जे पुरतं ते दुसऱ्याला पुरत नाही. एका ओळीपुढे "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" असं आलं, म्हणजे आमच्या कॉलेजात तो कोर्सच नाही. नवरा लगेच, "बघ, मी म्हणत होतो." लेकाने शांतपणे शेजारचं कॉलेज लावलं, तिथे होता. तो बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. शाळेच्या पोर्टलवर हा मुलगा कधी स्वतःहून गेला नव्हता.

मोजपट्टी, तुमचा केमिस्ट्रीचा प्रश्न मी त्याला विचारला. उत्तर इथे लिहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मोजपट्टी | १६ एप्रिल

चांगलं केलंत. नवीन मुलांचे जनरल एज्युकेशनचे कोर्स आता कॅल-जीईटीसीच्या यादीतून निवडायचे, जुन्या धाग्यांत आयजीईटीसी लिहिलेलं दिसेल ते २०२५ च्या फॉलपासून बदललं. पण सीएसला मेजरची तयारी आधी, जनरल नंतर. काउन्सेलरने उलटं सांगितलं तर दुसऱ्या काउन्सेलरला विचारा. माझ्या मते प्रत्येक प्रश्न दोघांना विचारावा.

धुंदुर्मास | १७ एप्रिल

एक राहिलं. माझ्या बहिणीच्या मुलाने एका कॉलेजात एक सेमिस्टर नापास होऊन सोडलं. आता दुसरीकडे नव्याने सुरू करतोय, जुनं सांगायचंच नाही म्हणतो.

कच्चाखडा | १७ एप्रिल

त्याला आत्ताच थांबवा. जिथे जिथे नाव घातलं तिथला प्रत्येक ट्रान्स्क्रिप्ट द्यावा लागतो. लपवलं आणि नंतर सापडलं तर मिळालेली जागा काढून घेतात. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले ड्युअल एनरोलमेंटचे कोर्ससुद्धा कॉलेजच्याच रेकॉर्डवर येतात, बरेच जण ते विसरतात. नापास सेमिस्टरबद्दल अॅकॅडेमिक रिन्यूअलची (जुने वाईट ग्रेड सरासरीतून वगळण्याची) विचारणा करता येते, पण ती उघडपणे, ज्या कॉलेजात झालं तिथेच.

सांजवात | २१ सप्टेंबर

धागा वर काढते आहे. कुणाला आठवत असेल नसेल.

लेक कम्युनिटी कॉलेजात गेला. बारा युनिट्स. पंधरा घ्यायला निघाला होता, मी कच्चाखडाचा प्रतिसाद उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तासाभराने एक कोर्स काढलेला होता. डीएसपीएसमध्ये स्वतः जाऊन आला, कागद काय दिले ते मला माहीत नाही, मी विचारत नाही (विचारते, पण रोज नाही). केमिस्ट्री या वर्षी घेतलेलीच नाही.

परवा गणिताची पहिली क्विझ झाली. किती मिळाले ते सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "गुरुवारी उशीर होईल, ऑफिस अवर्स आहेत." नवरा म्हणतो म्हणजे नापास झाला असणार.

शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता. एका काकूंनी विचारलंच. मी कॉलेजचं नाव सांगितलं आणि बसून राहिले. त्या म्हणाल्या, "अय्या, आमचापण तिथेच, मी कुणाला बोलले नव्हते." मग पाणी आणायला त्याच उठल्या, दोघींसाठी.

मोजपट्टी | २१ सप्टेंबर

नापास झालेली मुलं पहिल्या क्विझनंतर ऑफिस अवर्सना येत नाहीत हो. सांगा त्यांना.